घराचा मुहूर्त आणि घराचे कागद
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



घरखरेदीविषयी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय बाजारातला असला, तरी आपल्याकडे तो देवघरापासूनच सुरू होतो. आपले कोणतेही कुटुंब भूखंड वा सदनिका पाहावयास निघाले, की पहिला प्रश्न दाराच्या दिशेचा असतो, दुसरा मुहूर्ताचा आणि तिसरा शेजार कोणाचा, हा. जमीन कोणाच्या नावे आहे, हे विचारण्याचे पुष्कळदा इसार दिल्यावर सुचते. प्रश्नांच्या या क्रमाविषयीच आम्हांस बोलावयाचे आहे.

श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे. जागेच्या मध्यभागी हातभर खड्डा खणावा व निघालेल्या मातीने तो पुन्हा भरावा. माती उरली तर भूमी उत्तम, पुरेशी झाली तर मध्यम आणि कमी पडली तर त्याज्य, अशी परीक्षा त्यात दिली आहे. आपल्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया कच्चा असेल तर भिंतींना तडे जातात, हे ज्याने भोगले त्याला या परीक्षेचे मोल सांगावयास नको. जेथे पारा ४५ अंशांच्याही वर जातो, त्या नागपुरात पश्चिमेच्या उन्हाकडे पाठ करून पूर्वेकडे दार ठेवणे शहाणपणाचेच आहे. सारांश, आपले शास्त्र मुळात तपासावयास शिकविते. आम्ही मात्र तपासणे सोडले आणि दिशा तेवढी धरून ठेवली.

महाल-इतवारीच्या वाड्यांत पिढ्या काढणाऱ्या आपल्या वाडवडिलांना घर विकत घेण्याचा प्रसंग क्वचितच येई. पुढे १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला, शहर चहूकडे वाढले आणि शेतांत ले-आउट पडू लागले. त्यांतील कित्येक परवानगीवाचून पडले. अशी बांधकामे व भूखंड नियमित करण्यासाठी शासनाला २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला. शेत आणि घर यांच्यामध्ये जो मध्यस्थ उभा राहिला, तो दलाल. गिऱ्हाईक आधी दिशा विचारते, हे पाहून त्याने खिशात होकायंत्र ठेवले. पितृपक्षात कोणी फिरकत नाही, हे पाहून त्याने नवरात्रासाठी दर राखून ठेवला. त्याला दोष देण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे, की आम्ही जे विचारले तेच तो शिकला.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. १९९४ सालचा दसरा होता. आमचे तीर्थरूप निवृत्तीची पुंजी घेऊन शहराच्या दक्षिणेकडील एका ले-आउटमध्ये गेले. आम्हीही बरोबर होतो. दलालाने होकायंत्र मांडून पूर्व दाखविली आणि तांब्याभर पाणी ओतून जमिनीचा उतार ईशान्येकडे असल्याचे पटवून दिले. मग म्हणाला, "काकाजी, आजचा मुहूर्त गेला तर असा प्लॉट पुन्हा मिळत नाही." पूर्वाभिमुख म्हणून चार पैसे अधिक पडले, त्याचे कोणालाच काही वाटले नाही. नारळ फुटला, इसार दिला गेला आणि उरलेली रक्कमही दिवाळीपर्यंत पोचली. दोन वर्षांनी बांधकामाच्या परवानगीसाठी गेलो, तेव्हा ती जागा विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी राखीव असल्याचे कळले. दिशा खरी होती, उतारही खरा होता; नकाशा तेवढा कोणी पाहिला नव्हता. तीर्थरूपांना स्वतःच्या घराची वास्तुशांत पाहावयास मिळाली नाही. ते इसारपत्र आजही आमच्या देवघरातील पेटीत आहे.

त्या दिवशी आमच्या ध्यानी न आलेली एक गोष्ट आज सांगावीशी वाटते. गुढीपाडवा, दसरा आणि बलिप्रतिपदा या दिवशी नोंदणी कार्यालयाला सुटी असते. तेव्हा मुहूर्तावर खरेदीखत सहसा होत नाही; होते ते एवढेच, की आपले पैसे दुसऱ्याच्या हाती जातात. आणि नुसत्या विक्रीच्या कराराने मालकी मिळत नाही, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा स्पष्ट सांगतो. मुहूर्त साधल्याचे समाधान आपले आणि रोकड दुसऱ्याची, असा हा व्यवहार होतो.

आता तिसरा प्रश्न, शेजाराचा. "इथे सगळे आपलेच लोक आहेत," हे वाक्य ऐकले की आपले मन निश्चिंत होते आणि दलाल आपल्या ज्ञातीचा निघाला तर कागद मागण्याचाही संकोच वाटतो. ज्ञातीच्या व्यासपीठावरूनच हे बोलणे आम्हांस आवश्यक वाटते, की आडनावाने सातबारा स्वच्छ होत नाही. शिवाय ज्या वाक्याने आपल्याला दार उघडते, त्याच वाक्याने दुसऱ्या एखाद्या सालस कुटुंबाला ते बंद होते. उद्या आपलीच मुले परगावी भाड्याची खोली शोधावयास निघतील, तेव्हा त्यांनाही आडनाव विचारले जाईल, याचे विस्मरण होऊ नये.

मग करावे काय? आमची सूचना श्रद्धेला सोडून नाही. पितृपक्षात आपण नवा व्यवहार करीत नाही. त्या पंधरवड्यात पूर्वजांचे स्मरण करतो. जमिनीलाही पूर्वज असतात. गेल्या तीस वर्षांत ती कोणाकोणाच्या हातून गेली, कोणत्या वारसाची सही राहिली, कोणाचे कर्ज तिच्यावर आहे, याचा शोध घेण्यास याहून योग्य काळ कोणता? सातबारा, फेरफार, आखीव पत्रिका, अकृषक आदेश, मंजूर नकाशा, प्रन्यासाचे 'आर. एल.' आणि विकास आराखड्यातील आरक्षण, एवढे या पंधरा दिवसांत वकिलाकडून पाहून घ्यावे. कार्यालयांतून नकला मिळण्यास विलंब लागलाच, तर दसऱ्यापर्यंत आणखी दहा दिवस हाताशी असतात. कागद स्वच्छ निघाले तर दसऱ्याला खुशाल नारळ फोडावा आणि खरेदीखत जोशीबुवांना विचारून कार्यालय उघडे असेल त्या शुभदिवशी करावे.

कायद्याचेही आज पूर्वीपेक्षा अधिक साहाय्य आहे. स्थावर संपदा अधिनियम २०१६ साली झाला आणि १ मे २०१७ पासून महारेरा काम पाहू लागले. नोंदणीकृत प्रकल्पातील घर वा भूखंड विकून देणाऱ्या दलालालाही स्वतःची नोंदणी करावी लागते आणि २०२३ पासून महाराष्ट्रात त्याच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आली आहे. अशा प्रकल्पात विक्रीचा करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. दलालाला दिशा विचारण्यापूर्वी त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. सचोटीच्या मध्यस्थाला त्याचा राग येणार नाही. उलट, त्याचीच चहा होईल.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवतो. आपल्यात वकील आहेत, महसूल खात्यातून निवृत्त झालेले अनुभवी गृहस्थ आहेत. त्यांनी दर वर्षी पितृपक्षात रोज सायंकाळी एक तास मंडळाच्या कार्यालयात बसावे आणि सभासदांचे कागद विनामूल्य पाहून द्यावेत. आपल्या उपाध्यायांसही आमची प्रार्थना आहे, की यजमान मुहूर्त विचारावयास आला म्हणजे पंचांग उघडण्याआधी त्यांनी एवढेच विचारावे: "कागद पाहून घेतले का?" हा प्रश्न त्यांच्या मुखातून आला, तर आमच्या शंभर भाषणांहून त्याचे वजन अधिक पडेल.

घर पाहावे बांधून, असे आपले वडीलधारे म्हणत आले. बांधण्यापूर्वी ते कागदावरही पाहावे, एवढीच जोड देऊन आम्ही आपली रजा घेतो.