वाढीच्या रेषेचा इशारा

(वार्षिक सर्वसाधारण सभेत बालरोग विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



नऊ महिन्यांची एक बालिका लसीकरणासाठी आमच्याकडे आली. वजन ६.९ किलो. वृद्धी-आलेखावर हा ठिपका हिरव्या पट्ट्यातच पडत होता. तथापि केसपेपरवरील मागील वजने आलेखावर मांडताच आम्ही थबकलो. सहाव्या, सातव्या व आठव्या महिन्यातही ती ६.८ किलोच होती. या वयात तीन महिन्यांत सुमारे पाऊण ते एक किलो वाढ अपेक्षित असते. वजने आम्हीच नोंदविली होती; आलेख मात्र कोरा राहिला होता. ही उणीव आमची होती, हे येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

एका ठिपक्यावरून फारसे कळत नाही. रेषेची दिशा बोलते. वर चढणारी रेषा समाधानाची, आडवी सावधगिरीची, खाली झुकणारी धोक्याची. बाळ डोळ्यांना हडकुळे दिसू लागण्यापूर्वीच रेषा इशारा देते.

"आमच्या घराण्यात मुले चणीने लहानच," असे अनेक पालक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेली मानके भारतासह सहा देशांतील सुमारे ८,५०० बालकांच्या अभ्यासावर आधारलेली आहेत. स्तनपान, योग्य आहार व आरोग्यसेवा लाभल्यास पाच वर्षांपर्यंत सर्व देशांतील मुले जवळपास सारखीच वाढतात, असे त्यातून दिसून आले.

त्या बालिकेच्या मातेशी बोलता उलगडा झाला. सहा महिन्यांनंतर केवळ आईचे दूध पुरत नाही. वरचे अन्न म्हणून वरणाचे पाणीच दिले जात होते. स्तनपान चालू ठेवून घट्ट वरण-भात कुस्करून, वर तूप घालून, दिवसातून तीन-चार वेळा भरविण्यास आम्ही सुचविले. पुढील दोन महिन्यांत रेषा पुन्हा वर वळली.

तेव्हापासून वजन होताच ठिपका मांडून तो मातेला दाखविल्याशिवाय केसपेपर पुढे जात नाही. पालकांनी प्रत्येक भेटीत बाळाचे कार्ड आणावे, ही विनंती. देणगीदारांच्या साहाय्यातून येणारा अचूक वजनकाटा आम्हांस मोठ्या यंत्राइतकाच मोलाचा वाटतो.