बिनक्लचचा ट्रक आणि घाटातला गिअर
(नागपूर जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. डिंक्यावर किंवा बोर्डो मिश्रणावर बोलायला उभा राहिलो असतो तर कोणाला नवल वाटले नसते. आज मात्र गिअर बॉक्सवर बोलणार आहे. संत्रा झाडावरून उतरला की त्याचा भाव ट्रकच्या चाकांवर असतो आणि ते चाक घाटात अडले की काय होते, ते आमच्या गटाने गेल्या आंबिया बहारात पाहिले.

गटाने एक जुना ट्रक घेतला. क्लचचे पेडलच नाही, गिअर आपोआप पडतो. ड्रायव्हर खूश. काटोलहून नागपूरपर्यंत काही तक्रार नाही. सिवनीकडे माल निघाला आणि कुरईचा घाट लागला. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटरवर, सिवनी सहाशेच्या वर. भरल्या गाडीला तो चढ कळतोच. ड्रायव्हरचा फोन आला, "साहेब, हे गाडी गिअर टाकाले लय टाइम लावून रायली. तिचा विचार होईपर्यंत चढ सारा जोर खाऊन टाकते."

दुरुस्तीला नेल्यावर पहिला सल्ला मिळाला तो असा : अमेरिकेत एक किट मिळते, ते बसवा, गिअर ठक्कन पडेल. सल्ला देणाऱ्याने किट पाहिले नव्हते, आणि आमची गाडीही नीट पाहिली नव्हती. तेव्हा आधी हा घोळ निस्तरू.

आपोआप गिअर टाकणाऱ्या गाड्या दोन जातीच्या. पहिली जात अमेरिकेतल्या पिकअप ट्रकांची आणि आपल्याकडच्या खुल्या कोळसा खाणींतल्या मोठ्या डंपरांची. तिथे इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामध्ये तेल असते. आत चकत्यांचे गठ्ठे असतात आणि तेलाच्या दाबाने ते आवळले जातात. ठिबकचे हेडयुनिट डोळ्यांसमोर आणा. पंपाचा दाब, मधले व्हॉल्व्ह, बारीक छिद्रे. छिद्र बारीक असेल तर पाणी सावकाश पोचते, तसे इथे तेल सावकाश पोचते. मग चकत्या घसरत घसरत पकड घेतात. बसणाऱ्याला हे मऊ वाटते, म्हणून प्रवासी गाडी तशीच बनवतात. पण घसरण म्हणजे घासणे आणि घासणे म्हणजे उष्णता. ट्रॅक्टर हाफ क्लचवर ठेवून ट्रॉली ओढणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको, वास त्याच्या नाकात असतो. किट बसवणारा काय करतो? मधल्या पत्र्यातली छिद्रे थोडी मोठी करतो, स्प्रिंगा कडक घालतो, तेलाचा दाब वाढवतो. चकत्या चटकन आवळतात, झटका जाणवतो, घसरण घटते. ओझे ओढणाऱ्या गाडीला हे चांगलेच. हावरटपणा केला तर तोच झटका प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला आणि मागच्या एक्सलला खातो. आणि क्रेटमधल्या संत्र्यालाही!

दुसरी जात आमच्या ट्रकची. आपल्याकडे मालाच्या ट्रकवर 'ऑटोमॅटिक' लिहिलेले दिसले तर बहुधा हीच. आत गिअर बॉक्स आपला नेहमीचाच, क्लच प्लेटही नेहमीचीच, कोरडी. फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडा हलवणारा हात माणसाचा नाही. तिथे हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर आहे आणि त्याला हुकूम देणारा छोटा संगणक. गिअर बदलताना इंजिनचा जोर तोडायचा, क्लच उघडायचा, जुना गिअर काढायचा, फेरे जुळवायचे, नवा गिअर घालायचा, क्लच मिटवायचा. एवढा वेळ चाकाला जोर नाही. सपाटीवर चालते, चढावर तेवढ्यात गाडी मरते. इथे अमेरिकेचे किट बसवणार कुठे? भोक मोठे करायला तो पत्राच नाही.

आमच्या गाडीत दोष अगदी साधे निघाले. गावातल्याच मिस्त्रीने साबणाचे पाणी घेऊन हवेची लाइन तपासली, एका जोडावर फुगे आले. हवेची टाकी उघडली तर पाणी निघाले. दाब पुरत नव्हता म्हणून सिलिंडर सावकाश हलत होता. बॅटरीची अर्थिंग गंजलेली. क्लच प्लेट झिजलेली. ड्रायव्हरचीही एक सवय सुटली पाहिजे होती : चढावर गाडी ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, त्याने प्लेट जळते. आणि घाटाच्या पायथ्याशीच हाताने खालचा गिअर धरून ठेवायचा, संगणकाच्या मर्जीवर सोडायचा नाही. ती सोय बहुतेक गाड्यांत असते, पण ड्रायव्हरला कोणी दाखवत नाही.

हवा, अर्थिंग आणि नवी क्लच प्लेट, मिस्त्रीचे काम एका दिवसात झाले. मग गाडी चार दिवस उभी राहिली. कारण नवी प्लेट कुठे पकड घेते हे त्या संगणकाला 'शिकवावे' लागते आणि शिकवणारे यंत्र फक्त ठरलेल्या दुकानात. दुकान म्हणाले, बाहेरच्याने उघडलेल्या गाडीला आम्ही हात लावत नाही. शेवटी लावला, रांगेत उभे करून. शिकवायला अर्धा तासही लागला नाही! त्यानंतर तीच गाडी कुरईचा घाट न कुरकुरता चढली. चार दिवसांत तोडलेल्या संत्र्याचे काय झाले हे या सभेत सांगण्याची गरज नाही.

हा त्रास आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टरही असाच कंपनीच्या संगणकाने बांधला. तिथे कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रे दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला, तो २०२४ च्या पहिल्या दिवसापासून लागू झाला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये याच हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत मोबाइलबरोबर शेतीची अवजारे आणि मोटारगाड्याही होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टलही सुरू झाले. पोर्टलने कोणाचा क्लच शिकत नाही. मिस्त्रीच्या हातात ते यंत्र आणि त्याची परवानगी पाहिजे, वाजवी दरात.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा झाला, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. रस्ता झाला म्हणून बिनक्लचच्या गाड्या आपल्याकडे वाढतील आणि त्या घ्यायला माझी ना नाही. ड्रायव्हरचा पाय आणि कंबर वाचते, ही काही थोडी गोष्ट नव्हे. मात्र सौदा करताना दोन गोष्टी कागदावर घ्या. क्लच बदलल्यावर संगणकाची जुळणी कोण करणार आणि किती पैशात? आणि बाहेरच्या मिस्त्रीने काम केले तर जुळणी नाकारणार नाही, असे लिहून देता का? जो विक्रेता लिहून देत नाही, त्याचे नाव जिल्हा कार्यालयाला कळवा.

ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला दुरुस्तीची बिले आणि गाडी किती दिवस उभी राहिली त्याची नोंद घेऊन यावे. ग्राहक व्यवहार विभागाला निवेदन त्या कागदांवरून करायचे आहे. आणि आज घरी गेल्यावर एवढे करा : इंजिन बंद करून हवेच्या टाकीचा नळ उघडा आणि पाणी निघते का पाहा.