कंटाळवाण्या दिवसांची कमाई

(निजामपुरा, भिवंडी येथील वसंत व्याख्यानमालेत ‘निवड, अंतःस्वातंत्र्य आणि आपण’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘चिंतनपर व्याख्यान’ असं छापलं आहे. ते वाचूनही तुम्ही या उकाड्यात आलात, याचा अर्थ एक तर तुम्ही मोठ्या मनाचे आहात किंवा आतले पंखे घरच्यापेक्षा बरे आहेत. (हशा) तुमच्या महानगरपालिकेच्या पाटीवर भिवंडीच्या जोडीला निजामपूर आहे, पण बोलताना लोक निम्मं नाव गिळतात. मी आल्याआल्या निजामपूरही म्हटलंय, तेव्हा शेवटी दहा मिनिटं जास्त लागली तर सांभाळून घ्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना निघता येईल. माणूस मोक्याच्या क्षणी फारसं काही ठरवत नाही. त्यानं ते आधीच, कुणाचं लक्ष नसताना, एखाद्या कंटाळवाण्या दिवशी ठरवून ठेवलेलं असतं. आतलं स्वातंत्र्य म्हणून आपण ज्याची आरती करतो, ती अशा दिवसांची साठवलेली कमाई आहे. ऐनवेळी आभाळातून ते कुणाच्या झोळीत पडत नाही.

कुणी उठलं नाही. मग पुढे जातो.

हा विषय निघाला की व्हिक्टर फ्रँकलचं नाव येतंच. व्हिएन्नाचा हा मनोविकारतज्ज्ञ 1942 पासून नाझी छावण्यांत होता. माणसाचं सगळं हिरावून घेतलं तरी समोरच्या परिस्थितीला कसं सामोरं जायचं, ही निवड हिरावता येत नाही, असं त्यानं मांडलं. हे सगळ्यांना ठाऊक आहे असं धरतो. ज्यांना नाही त्यांनी मान डोलवावी, शेजारच्याला कळत नाही. (हशा) मला त्याच्या चरित्रातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. ऑशविट्झला पोचला तेव्हा या माणसाच्या कोटाच्या अस्तरात एका पुस्तकाचं हस्तलिखित होतं. ते तिथे गेलं. पण विचार छावणीत सुचलेला नव्हता. विशी-पंचविशीत त्यानं व्हिएन्नात तरुणांसाठी सल्ला केंद्रं चालवली होती, पुढे आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या स्त्रियांच्या वॉर्डात तो काही वर्षं डॉक्टर होता. जगावं कशाला, या प्रश्नाशी त्याची रोजची बैठक होती. छावणीत त्यानं जुनीच पुंजी मोडली.

आपल्याकडचं उदाहरण घ्या, डॉक्टर रखमाबाई. खटला माहीत असेलच. अकराव्या वर्षी लग्न. 1884 मध्ये नवरा दादाजी भिकाजी, बायकोनं नांदायला यावं म्हणून, कोर्टात गेला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला, मग अपील झालं, आणि 1887 मध्ये हुकूम निघाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शाळेच्या पुस्तकात धडा इथे संपतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. पण हा नकार 1887 चा नव्हे. त्याआधी वर्षानुवर्षं ही मुलगी घरात बसून वाचत होती. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी तिला वाचू दिलं. 1885 मध्ये तिनं ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या नावानं पत्रं लिहिली. न्यायाधीशांसमोर उभी राहिली ती घरातल्या निवांत दुपारी हळूहळू तयार झालेली बाई होती. केसरीनं तिच्यावर झोड उठवली तरी ती हलली नाही. 1888 मध्ये 2000 रुपयांवर तडजोड झाली, बाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत-राजकोटला अनेक वर्षं रुग्ण पाहिले. आता असली एखादी बाई...

काय? हो, द्या ती चिठ्ठी. (चिठ्ठी वाचतात.) ‘बारा तासांची पाळी करणाऱ्याला कसली निवड? हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत.’ (टाळ्या)

टाळ्या वाजवणाऱ्यांची पोटं मला इथून दिसताहेत. (हशा) पण प्रश्न रास्त आहे आणि मी त्याची तयारी करून आलोय. खरं तर आज दुपारी योगायोगानंच ती झाली. दोन मिनिटांत सांगतो.

व्याख्यानाआधी इथल्याच एका निवृत्त कारीगराकडे चहाला गेलो होतो. आयुष्य साध्या यंत्रमागांवर गेलेलं. नाव सांगत नाही. त्यांनीच बजावलंय की नाव घेतलंत तर सेठ मंडळी जुन्या डॅमेजचा हिशेब काढतील. (हशा) मी त्यांना हेच विचारलं. चाचा, तुमच्या कामात तुम्हाला स्वतःचं असं काय ठरवता येत होतं? त्यांनी मला माग समजावला. तुमच्यातल्या निम्म्यांना तो माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे, तरी ऐका, कारण त्यात माझं सगळं व्याख्यान आहे.

धोट्यातला बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपोआप थांबतो. त्यासाठी एक छोटा काटा असतो; त्याला धागा लागला नाही की खटका पडतो. पण ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एखादा तार तुटला तर साध्या मागावर काही थांबत नाही. माग चालू, धोटा चालू, कापडही चालू. फक्त त्या कापडात उभी एक बारीक फट पडत जाते. ती बघायची कारीगराच्या डोळ्यांनी. एका माणसाकडे अनेक माग, मजुरी मीटरवर, वेळ पहाटे तीनची, आवाज असा की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. माग थांबवला, तार शोधला, फणीतून ओवला, गाठ मारली, तर तेवढे मीटर गेले. नाही थांबवला तर? घडी करताना कुणाला दिसेल, न दिसेल. दिसलं तरी कुणाच्या पाळीतलं, यावर भांडण.

मी म्हटलं, मग तुम्ही थांबवायचात? म्हणाले, हो. मी म्हटलं, का? मला वाटलं, आता हलाल कमाई, इमान, असं काही ऐकायला मिळेल आणि मी ते आज इथे सांगेन. चाचा म्हणाले, ‘सोचता कौन है साहब, हाथ जाता है.’

हाथ जाता है! मी चहा तसाच ठेवला. पुढे कळलं की पहिल्या वर्षी त्यांच्या उस्तादांनी त्यांना माग चालवायला दिलाच नव्हता. मागे उभं राहायचं आणि तुटलेला तार शोधायचा, एवढंच काम. रोज वैतागायचे. एकदा घरी पळूनही गेले होते. मग परत आले. ते का, ही एक वेगळीच मजेदार कथा आहे, त्यात एक लग्न आहे आणि एक हरवलेली सायकल... (अध्यक्ष घड्याळ दाखवतात. हशा) बरं, सायकल राहू द्या. त्यांचा मुलगा मात्र मागावर नाही. तो नाशिक रस्त्याकडच्या एका गोदामात आहे. हातातलं यंत्र त्याला सांगतं, अमुक रांग, अमुक कप्पा. चाचांना मुलाच्या पगाराचा अभिमान आहे, पण मला म्हणाले, ‘उसका हाथ कहाँ जाएगा?’

चिठ्ठी लिहिणाऱ्या मित्राला माझं उत्तर हे आहे. बारा तासांच्या पाळीत माणसाच्या वाट्याला फार थोडी निवड येते, आणि तीही हिरावून घेणाऱ्यांशी भांडायलाच हवं. पण जी उरते ती खरी असते.

आता भिवंडीकडे येतो. 1970 आणि 1984 च्या दंगलींत इथे काय झालं ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही ते पाहिलंय किंवा घरात ऐकलंय. 1970 च्या दंगलीनंतर न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला, जाडजूड अहवाल आला, आणि बाहेरच्या जगात या गावाच्या नावापुढे एक शब्द कायमचा चिकटला. ‘भिवंडीचे लोक असेच.’ माणसाला त्याच्या इतिहासाच्या खुंटीला बांधून टाकण्याचा हा सोपा मार्ग.

मग 1988 मध्ये सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सुमारे 70. प्रत्येकीत हिंदू-मुसलमान दोघे. ही कथाही तुम्ही ऐकलीय, पण ती नेहमी डिसेंबर 1992 पासून सांगतात: मुंबई पेटली, तिथे दोन फेऱ्यांत मिळून 900 माणसं मेली, आणि भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी यावर पुस्तक लिहिलं. आशुतोष वार्ष्णेय यांनी आपल्या 2002 च्या अभ्यासग्रंथात भिवंडीची दखल घेतली. मला उत्सुकता आहे ती आधीच्या चार वर्षांची. त्या बैठकांत काय चालायचं? नळ, गटार, भोंगा, मिरवणुकीची वाट, कुणाच्या पोरानं कुणाची काच फोडली. कल्पना करा, किती कंटाळा! समोरचा माणूस तेच तेच बोलतोय, चहा गार झालाय, आणि आपण दंगलीत ज्याच्या बाजूला नव्हतो त्याच्या शेजारी बसलोय. उठून जावंसं वाटत असताना बसून राहायचं, ही निवड. पुढच्या वेळी पुन्हा यायचं, ही दुसरी.

अफवा आली तेव्हा हीच कमाई कामाला आली. अफवेला फक्त एक गोष्ट मारते: जाऊन विचारणं. आणि जाऊन विचारायला पलीकडच्या आळीतला एक तरी चेहरा ओळखीचा लागतो.

(श्रोत्यांतून : ‘ते पोलिसांनी केलं! लोकांनी नाही.’)

साहेब, पोलिसांनी सतरंजी अंथरली, हे मी आधीच सांगितलं; हवं तर पुन्हा सांगतो. सतरंजी लागतेच. एकट्यानं डोळे मिटून अंतःस्वातंत्र्य कमावणारे संत वेगळे, तुमच्या-माझ्यासारख्याला बसायला जागा आणि सोबत लागते. पण हुकमानं माणूस बैठकीला येतो. रात्री अकराला स्वतःच्याच गल्लीतल्या तापलेल्या पोरांना अडवायला तो हुकमानं जात नाही.

(श्रोत्यांतून : ‘2006 चं काय?’)

येणारच होतो तिथे. म्हणजे, येणार नव्हतो, पण आलो. (हशा) जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या इमारतीच्या जागेवरून पेटलं. गोळीबारात दोन माणसं गेली, त्याच रात्री जमावानं दोन पोलीस शिपायांना मारलं. हे टाळून माझा मुद्दा सिद्ध होत असेल तर तो मला नकोच. पण मी साठवलेली कमाई म्हणालो ना? साठा खर्च होतो. 1988 ला भरलेला रांजण 2006 ला पुरत नाही. एकदा चांगलं वागलेलं गाव कायमचं चांगलं होत नाही, तसं एकदा वाईट वागलेलं कायमचं वाईटही राहत नाही. माझ्या म्हणण्यात ही अर्धी धास्ती आहे आणि अर्धा दिलासा. दोन्ही घेऊन जा.

ती मागच्या रांगेतली मुलगी केव्हाची हात वर करून आहे. बोल बाळ. (प्रश्न : ‘हात आपोआप जात असेल तर ती सवय झाली. त्यात स्वातंत्र्य कुठे आहे?’)

कुठल्या कॉलेजात आहेस? उगाच विचारतो, वेळ काढायला. (हशा) ॲरिस्टॉटलनं सांगितलं की न्यायाची कामं करत करत माणूस न्यायी होतो. तुझ्या प्रश्नाला त्यानंही घाम गाळला असेल. माझं उत्तर असं. सवयी दोन तऱ्हांनी लागतात, लावून घेतलेल्या आणि लागून गेलेल्या. चाचा पळून गेले आणि परत आले. स्वातंत्र्य त्या परत येण्यात आहे; पहाटे तीनला फक्त हात जातो. पटत नाही? चेहरा सांगतोय. असू दे, यावर तू व्याख्यान दे, मी ऐकायला येतो.

रात्रीच्या इशाच्या नमाजाची अजान झाली, म्हणजे मला दिलेली वेळ केव्हाच संपली. डॉ. आंबेडकरांवर पंधरा मिनिटांची टिपणं खिशात आहेत. ती आता तीन वाक्यांत. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली. जन्मानं दिलेलं नाकारायला त्यांना एक क्षण पुरला असता, पण त्याच्या जागी काय उभं करायचं हे ठरवायला त्यांनी 21 वर्षं अभ्यास केला. दीक्षेच्या दिवसाचे फोटो आपण पाहतो, त्या 21 वर्षांचा फोटो कुणाकडे नाही.

अध्यक्ष उभे राहिलेत, म्हणून शेवटचं. बाहेरच्या फळ्यावर मी वाचलं की येत्या रविवारी या गल्लीतल्या पाण्याच्या प्रश्नावर बैठक आहे. आज इथे जेवढे आलात तेवढेच तिथे जा. तिथे वक्ता नसेल, विनोद नसतील, कुणीतरी अर्धा तास एकच तक्रार सांगेल. बसून राहा. शक्य झालं तर पलीकडच्या आळीतल्या माणसाशेजारी बसा.

आणि चाचांची सायकल ऐकायची असेल तर नंतर चहाच्या टेबलापाशी भेटा. (टाळ्या)