हातावरची तुळस

गोंदणाला आता टॅटू म्हणतात. आमच्या मोहोळला यात्रेत पूर्वी गोंदणारी बाई सुया घेऊन बसायची. काजळी कातडीखाली टोचली की हिरवट ठिपका जन्माचा. कपाळावर, हनुवटीवर ठिपके, हातावर तुळस. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं जुन्या बायका सांगत. पुढं बॅटरीवरचं यंत्र आलं आणि पोरं दंडावर नावं काढून घेऊ लागली.

आम्हा मुसलमानांत कायमचं गोंदण बहुतेक आलिम निषिद्ध मानतात, मेंदी चालते. त्यामुळं माझ्या अंगावरची खूण वेगळी होती. चार वर्षांचा असताना मला घटसर्प झाला. त्रिगुणी लस देशभर द्यायचा कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला, त्याआधीची ही गोष्ट. सोलापूरच्या दवाखान्यात सुया घेऊन मी वाचलो. पण अम्मी नवसही बोलून बसली होती. त्यापायी कैक वर्षं मोहरमला मी फकीर व्हायचो. हिरवा सदरा, गळ्यात नाडा, खांद्याला झोळी, पाच घरी मागायचं. त्या पाचांत तीन घरं हिंदूंची. ताबूत थंडे झाले की नाडा सुटायचा आणि मी पुन्हा चारचौघांसारखा.

शेजारच्या आक्कांच्या नातीची खूण सुटणारी नव्हती. बाराव्या वर्षी तिच्या मानेत गाठी आल्या. हॉजकिन नावाचा कॅन्सर. मुलांमधला हा आजार वेळेवर उपचार झाले तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो, पण आमच्या गल्लीत ते कुणाला ठाऊक? कॅन्सर म्हटलं की सगळे दबक्या आवाजात बोलायचे. वैरागवरून बार्शीला एसटीच्या खेपा, आधी केमो, मग किरणं. किरणं रोज नेमक्या त्याच जागी पडावीत म्हणून कातडीवर सुईनं शाईचे बारीक ठिपके टोचतात, तिळाहून लहान. ते जात नाहीत. म्हणजे पोर तेव्हाच गोंदली गेली होती; तिला कुणी विचारलं नव्हतं.

यंदा तिला एकविसावं लागलं. म्हणाली, "चाचा, हातावर गोंदून घ्यायचंय. एक शब्द द्या."

कवीला आणखी काय हवं? चार दिवस घालवून मी 'हयात' काढला. उर्दूतही चालतो, मराठीतही. तिनं मान हलवली. "शब्द लोकांना वाचता येतो, चाचा. मग विचारतात, काय झालं होतं? मला सांगत बसायचं नाही." थोडं थांबून म्हणाली, "तुमच्यात चालत नाही ना हे? तुम्हाला वाईट वाटेल?"

"माझ्या अंगाचा नियम तुझ्या अंगाला कशाला लावू?" मी म्हटलं. फक्त आधी डॉक्टरांना विचार, सुई तुझ्यासमोर नव्या पाकिटातून काढायला लाव. तसल्या सुईतून कावीळ येते, एचआयव्हीही येतो.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर ती सोलापूरला जाऊन आली. आक्कांच्या हातावरची ठिपक्यांची तुळस तिनं तशीच्या तशी उतरवून घेतली होती. आक्कांनी चष्मा लावला, दोन्ही हात शेजारी ठेवले, ठिपके मोजले.

"दोन कमी पडलेत गं. आणि माझं चार आण्यात झालं होतं. तुझं?"

पोरीनं बाही खाली ओढली आणि चहा टाकायला आत गेली.