तंबोऱ्याची निगा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. उभे राहून बोलण्याची सवय नाही, तेव्हा घरात बोलते तशीच बोलेन. विषय आपल्या मंडळाच्या तंबोऱ्याचा आहे. मागच्या बैठकीत असे निघाले की तो आता मोडीत काढावा. मोबाईलमध्ये तंबोरा वाजतोच. मोबाईलशी माझे वैर नाही, भजनाला आपण तोच लावतो. पण आपला तंबोरा अजून कामातून गेलेला नाही, एवढे मला सांगायचे आहे. मी तो अंगणात उजेडात नेऊन नीट पाहिला. भोपळा फुटलेला नाही. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तिथे सांधा उकलला आहे, बोटाच्या पेराएवढा. कारागिराच्या हातून तो पुन्हा बसतो.

मला हे कसे कळते, असे कोणी विचारील. आमच्या मामंजींना भजनाचा नाद होता. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी देवघराबरोबर तंबोऱ्याचीही निगा माझ्या हाती दिली. गाणे मला आले नाही. तंबोरा पुसणे मात्र आले.

सांधा का उकलला ते पाहा. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे खरोखरचा भोपळाच. भाजीचा नव्हे, कडू जातीचा; पंढरपूर-मंगळवेढ्याकडे त्याची लागवड होते. तो वाळवून, कोरून, त्यावर लाकडाची तबली बसवतात आणि तुणीच्या लाकडाची पोकळ दांडी जोडतात. भोपळा आणि लाकूड दोन्ही हवेतले पाणी पितात आणि सोडतात. आपल्याकडे वैशाखात पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हा ती आवळतात. त्यातच समोर कूलर लावला की ओल चढते, बंद केला की उतरते. अशी रोज ओढाताण झाली तर सांधा किती दिवस टिकणार? आपल्या सभागृहात तंबोऱ्याची खुंटी नेमकी कूलरच्या समोरच्या भिंतीवर आहे. ती आधी हलवावी, अशी माझी पहिली सूचना. भिंतही ओलीची नको आणि खिडकीतले ऊन येणारी नको.

आता पुसण्याविषयी. आपल्याला घासण्याची फार हौस. तंबोऱ्याला पाणी लावायचे नाही, ओले फडकेसुद्धा नाही. त्यावरची चकाकी लाखेच्या रोगणाची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. २०२० साली करोनाच्या दिवसांत एका घरी हातांना लावायचे सॅनिटायझर फडक्यावर घेऊन तंबोरा पुसला, तेव्हा रोगण चिकट होऊन फडक्याला आले, हे मी डोळ्यांनी पाहिले. खोबरेल तेलही नको; त्यावर धूळ बसते आणि तेल खुंट्यांत उतरले तर तार टिकत नाही. जुन्या धोतराचे मऊ, कोरडे फडके पुरे. तबलीवर घोडीच्या भोवती, जिथे बोट जात नाही, तिथे नवा रंगाचा ब्रश फिरवावा.

तारांचे शत्रू म्हणजे आपल्या बोटांचा घाम. वाजवून झाले की चारही तारांवरून फडके ओढावे, मग गवसणी घालावी. मधल्या जोडाच्या तारा पोलादी, त्या गंजतात; खर्जाची पितळी, ती काळवंडते. पितळ आहे म्हणून चिंच लावू नका बरे! समईला चालते ते इथे चालत नाही. आंबट पाणी घोडीवर आणि तबलीवर उतरते. तार फार गंजली तर बदलावी, ती काही महाग नाही.

खुंटी घसरत असेल तर काढून तिला खडू लावावा. पावसाळ्यात फुगून अडकली तर जोर करू नये, फिरवत फिरवत काढावी आणि कोरडा साबण किंचित चोळावा. मण्यांनी सूर बारीक जुळतो, ते हरवू देऊ नयेत. घोडी आणि तार यांच्यामध्ये जो दोरा असतो, तो जीर्ण झाला की आपण बदलू शकतो. साधा सुती दोरा चालतो. पण घोडीचा माथा, ज्याला जवारी म्हणतात, तो घासण्याचे काम आपले नव्हे. कानस एकदा जास्त चालली की झंकार गेला, आणि गेलेले हाड परत येत नाही.

महिनाभर वाजवायचा नसेल तर तारा दोन-तीन स्वरांनी उतरवाव्या. पार सैल करू नयेत, घोडी पडते. गवसणीत वेखंडाचे तुकडे ठेवावे. भुंगा लागला तर लाकडातून पीठ गळते, त्यावर लक्ष असावे.

कारागीर मिरजेला आहेत. तिथले शिकलगार पूर्वी तलवारींना धार लावीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये करण्यास आरंभ केला आणि त्यांच्या घराण्यांत ते काम अजून चालते. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले. हिराबाई बडोदेकरांचा जन्म त्याच गावचा, १९०५ सालचा. बाईमाणसाने तिकीट लावून गावे हे लोकांना रुचत नव्हते, त्या काळात त्या गायल्या. आपल्या मंडळाच्या पहिल्या बायकांनी हा तंबोरा घेतला तेव्हाही गावात थोडी कुजबुज झाली होती, असे सासूबाई सांगत. पैसा पैसा जमवून घेतलेली वस्तू आपण भंगारात घालावी, हे मला तरी पटत नाही. मोबाईलचा सूर चांगला आहे, पण तो धरून नव्या मुलीला मागे बसता येत नाही. तंबोरा छेडता छेडताच मुलीचा कान तयार होतो.

माझ्या दिरांच्या घरी मार्गशीर्षात सांगलीला लग्न आहे. मिरज तिथून दहाएक किलोमीटरवर. मी तंबोरा बरोबर नेते. तारा उतरवून, भोपळ्याला गोधडी गुंडाळून, मांडीवर धरून नेईन. वरच्या फळीवर ठेवणार नाही. जाण्यायेण्याचा खर्च मी मंडळाकडे मागत नाही, दुरुस्तीचा तेवढा द्यावा. आणि जुनी गवसणी फाटली आहे. कोणाकडे जाडसे नऊवारी लुगडे पडून असेल तर ते गुरुवारपर्यंत माझ्या घरी पोचवावे, म्हणजे मशीनवर शिवून ठेवीन.