आधी आक्षेप, मग उत्तर
तेराव्या शतकात ॲरिस्टॉटलचे ग्रंथ पॅरिसला पोहोचले आणि चर्च धास्तावले. १२१० साली त्याच्या निसर्गविषयक ग्रंथांच्या अध्यापनावर तिथे बंदीच आली. पुढे डोमिनिकन संन्यासी थॉमस अक्वायनस यांनी त्याच ॲरिस्टॉटलवर भाष्ये लिहिली. ईश्वर आहे हे बुद्धीने कळू शकते, त्याचे त्रैक्य मात्र प्रकटीकरणातूनच, अशी सीमा त्यांनी आखली. मला मोलाची वाटते ती त्यांची पद्धत. ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या आपल्या ग्रंथात ते आधी विरुद्ध बाजूचे आक्षेप मांडतात, तेही पूर्ण ताकदीनिशी. ईश्वर आहे का, या प्रश्नावर पहिला आक्षेप जगातल्या दुष्टतेचा! मग स्वतःचे मत, आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर. १२७४ मध्ये ते वारले, तेव्हा हा ग्रंथ अपुराच होता. १३२३ साली चर्चने त्यांना संत घोषित केले.