लिहिणारी माणसे आणि आपला देश
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करला आणि सातारा जिल्ह्यातील शाळांतून मुलांकडून मुळाक्षरे गिरवून घेता घेता सेवानिवृत्त झालो. अक्षरांखेरीज माझ्यापाशी दुसरे भांडवल नाही. म्हणून आज बोलणार आहे तेही अक्षरांविषयीच. मात्र विषय वरकरणी लहान दिसला तरी त्याचा संबंध देशाच्या भवितव्याशी आहे, असे माझे नम्र मत आहे.

आम्ही चार वृद्ध मंडळी एकत्र बसलो की एकच सूर निघतो. देशाचे काही खरे नाही, तरुणांना वाचनाची गोडी उरली नाही, जो तो हातातल्या यंत्रात मान घालून बसला आहे. यात तथ्य मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. कोणी लिहिले, कोणी पाहिले याचा पत्ता नसलेला मजकूर क्षणात शंभर जणांकडे धाडला जातो आणि त्यातून शेजाऱ्याशेजाऱ्यांत वितुष्ट येते, हे आपण सारेच पाहतो. परंतु रोगाची लक्षणे मोजणाऱ्याने प्रकृती सुधारल्याच्या खुणाही मोजल्या पाहिजेत. अशा काही खुणा मला अलीकडे एका मेळाव्यात दिसल्या.

हा मेळावा आमच्या तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या माडीवर भरला होता. आपल्या परिसराविषयी हौसेने लिहिणाऱ्या माणसांचा तो मेळावा. ना हारतुरे, ना ध्वनिक्षेपक. चाळीसएक माणसे सतरंजीवर बसली होती. प्रत्येकाने आपण लिहिलेले पाच मिनिटे वाचावे आणि नंतर इतरांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, एवढाच कार्यक्रम. नियम एकच होता, आणि तो मला फार आवडला: पाहिलेले असेल तर पाहिले म्हणावे, ऐकलेले असेल तर कोणाकडून ऐकले ते सांगावे, आणि लिहिलेल्याखाली स्वतःचे नाव घालावे.

एका परिचारिकेने रात्रपाळीत प्रसूतीसाठी येणाऱ्या बायकांच्या हकिकती वाचल्या. राज्य परिवहनाच्या एका वाहकाने आपल्या मुक्कामी गाडीतून रोज येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशांचे वर्णन केले. एका युवकाने माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून गावच्या पाझर तलावाच्या खर्चाचा हिशेब मिळवला होता. 2005 साली झालेला तो कायदा त्याने केवळ वाचला नव्हता, वापरला होता. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेली कोयनेच्या भूकंपाची कथा लिहून आणली होती. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे धरणी हादरली, कोयनानगर परिसरात दीडशेहून अधिक माणसे दगावली, हे पुस्तकात सापडते. पण त्या पहाटे अंगणात उभ्या राहिलेल्या बायकांनी आधी पाळण्यातली पोरे मोजली आणि मग दावणीची गुरे सोडली, हे कोणत्या पुस्तकात सापडणार? ते त्या आजीबरोबरच गेले असते. वाचन संपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी एका तपशिलावर हरकत घेतली. मुलगी रागावली नाही. तिने वही पुढे ओढली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही तेव्हा कुठे होता ते सांगा, मी तुमचेही लिहून घेते.”

यानंतर जे घडले ते मी मुद्दाम विस्ताराने सांगतो. एका शेतकरी तरुणाने आपल्या गावच्या जुन्या विहिरीचा वृत्तान्त वाचला. विहीर कोणी बांधली, पायऱ्या किती, दुष्काळात पाणी किती हात खाली गेले, हे सांगून तो थांबला आणि मग त्याने वाचले: “या विहिरीवर अमुक वस्तीच्या लोकांना पाणी भरू देत नसत. अडवणाऱ्यांत माझे पणजोबा होते.” माडीवर शांतता पसरली. तेव्हा मागच्या बाजूला बसलेला दुसरा एक तरुण उठला. तो त्याच वस्तीतला. कोणी आवाज चढवील अशी मला भीती वाटली. परंतु तो एवढेच म्हणाला, “आमची माणसे पाणी कुठून आणीत असत ते तुझ्या लेखात नाही. ओढ्याच्या झऱ्यावरून आणीत. ती वाट मी दाखवतो, तेही लिही.” तो वृत्तान्त दोघांनी मिळून पुरा करावा आणि खाली दोघांची नावे घालावीत, असे तेथेच ठरले.

सज्जनहो, ही घटना लहान आहे काय? घाटाखाली महाडला 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पुढे 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने सतराव्या कलमान्वये अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट व रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख केला. कायदा झाला, पण कायदा मनात उतरायला पिढ्या लागतात. अडवणाऱ्याचा पणतू आणि अडवल्या गेलेल्याचा पणतू एकाच कागदावर खरे लिहायला बसतात, तेव्हा तो कायदा मनात उतरू लागला असे समजावे.

हे सामर्थ्य लेखणीत कोठून आले, याचा थोडा इतिहास पाहू. 1878 साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास पहिले ग्रंथकार संमेलन भरले. दुसरे 1885 साली भरले, त्याचे निमंत्रण महात्मा फुले यांना गेले होते. त्यांनी ते नाकारले. ज्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, त्या ग्रंथकारांच्या मेळ्यात आपण कशाला यावे, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. जोतिरावांचे मूळ घराणे आपल्या जिल्ह्यातील कटगुणचे आणि सावित्रीबाई नायगावच्या, हे आपणांस ठाऊकच आहे. या दांपत्याने पेरलेले बीज किती लवकर उगवले पाहा. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. अक्षरओळख होऊन अवघी काही वर्षे झालेली ती मुलगी आपल्या समाजाचे गाऱ्हाणे स्वतः मांडू शकली.

तरीही एकंदरीत लेखणी थोड्यांच्याच हाती राहिली. 1951 च्या जनगणनेत देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा सुमारे 18 होते. स्त्रियांत तर ते शेकडा 9 च्या आसपास. 2011 च्या जनगणनेत हेच आकडे सुमारे 73 आणि 65 झाले. या आकड्यांत आम्हां हजारो खेड्यांतील शिक्षकांच्या खडूची धूळ आहे, असे म्हटल्यास तो गर्व मानू नये. परंतु साक्षरता ही पायरी आहे, घर नव्हे. सही करता येणे निराळे आणि पाहिलेले सत्य नीट मांडून त्याखाली सही करणे निराळे. ही दुसरी पायरी आपला देश चढू लागला आहे, हेच मी त्या मेळाव्यात पाहिले.

लिहून ठेवले नाही तर काय गमावते याचे उदाहरण बहिणाबाई चौधरींचे. त्या माउलीला अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर त्यांनी रचलेली गाणी घरच्या माणसांनी वहीत उतरवली म्हणून टिकली. 1951 साली त्या निवर्तल्या आणि 1952 साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. वही नसती तर महाराष्ट्र केवढ्या धनाला मुकला असता! हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने 2010 पासून झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात 780 भाषांची नोंद झाली. हे काम सरकारी खात्याने केले नाही, ठिकठिकाणच्या भाषाप्रेमी माणसांनी केले. देश म्हणजे राजधानी नव्हे. अशा नोंदी करणाऱ्या माणसांची साखळी म्हणजे देश.

आता प्रश्न असा की, यात आपल्या ज्ञातिमंडळाने काय करावे? त्या मेळाव्यात कोणी कोणाची जात विचारली नाही आणि मी येथे जातीच्या व्यासपीठावरून त्याची स्तुती करीत आहे, यात विसंगती आहे असे काही तरुणांना वाटेल. मला तसे वाटत नाही. आपल्या वाडवडिलांनी हे मंडळ मुलांच्या शिक्षणासाठी स्थापन केले. शिकलेला मुलगा साऱ्या देशाचा होतो. जी संस्था आपल्या मुलांना अंगणापर्यंत आणते आणि फाटक बंद करते, तिचे कार्य अपुरे राहते. म्हणून तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली, आपल्या स्मरणिकेत वधूवरांची माहिती व जाहिराती येतात, त्या याव्यातच. पण दरवर्षी सोळा पाने तरुणांच्या लेखनासाठी राखून ठेवावीत. विषय आपल्या गावाचा, धंद्याचा, पाण्याचा. आणि नियम तोच, पाहिलेले व ऐकलेले वेगळे सांगण्याचा.

दुसरी, आपल्या कुटुंबपरिचय पुस्तिकेत पुरुषांची नावे, शिक्षण आणि हुद्दे छापलेले असतात, स्त्रियांपुढे मात्र “सौ.” एवढेच असते, कित्येक ठिकाणी तर तेही नाही. ज्या बायकांनी 1972 च्या दुष्काळात खडी फोडून मुलांना शाळेत धाडले, त्यांची नावे पुस्तकात नसावीत, हे आपल्या समाजाला शोभत नाही. पुढील आवृत्तीत प्रत्येक स्त्रीचे स्वतःचे नाव, माहेर, शिक्षण आणि तिने केलेले काम छापले जावे. घराघरांतील आजींच्या आठवणी नातवंडांनी याच वर्षी लिहून घ्याव्यात. म्हातारी माणसे कोणासाठी थांबत नाहीत.

तिसरी सूचना थोडी अवघड आहे. आपले सभागृह महिन्यातील एका रविवारी लिहिणाऱ्या वाचणाऱ्या सर्व ज्ञातींच्या माणसांना विनामूल्य खुले असावे. आणि आपल्याविषयी कोणी काही अप्रिय परंतु खरे वाचले, तर ते आपण शांतपणे ऐकून घ्यावे. त्या शेतकरी तरुणाने आपल्या पणजोबांविषयी खरे सांगितले म्हणून त्याच्या घराण्याची अब्रू गेली नाही. मला विचाराल तर ती वाढली.

देशाविषयी आशा बाळगणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. दारिद्र्य आहे, बेकारी आहे, जातीजातींत तेढ लावणारेही आहेत. पण ज्या देशातील परिचारिका, वाहक, शेतकरी आणि विद्यार्थिनी खरे लिहायला आणि दुसऱ्याचे खरे ऐकून घ्यायला शिकली, त्या देशाविषयी निराश होण्याचा अधिकार आम्हां वृद्धांना नाही. आम्ही त्यांना पाटी दिली. आता त्यांनी लिहिलेले वाचण्याचे काम आमचे.

माझ्या तीन सूचनांवर कार्यकारी मंडळाने येत्या सभेत विचार करावा अशी विनंती करून माझे भाषण पुरे करतो. जय हिंद! जय महाराष्ट्र!